ब्राऊनसाहेबांचे तेरा शिलिंग

रिटायर होऊन तीन आठवडे झाले होते. सकाळी स्वयंपाकघरातले डबे ओट्यावर मांडून मी डाळींची शिल्लक वहीत उतरवून घेत होतो. मसुरीत पाव किलोची तूट आली, ती कशामुळे एवढंच मी विचारलं. त्याच संध्याकाळी बायकोनं माझं नाव शेजारच्या पोरीच्या इंग्लिश स्पीकिंगच्या क्लासला घातलं. बॅच सुरू करायला आठ माणसं लागत होती, सात जमली होती. आठवा मी.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका पेढीवर मी चौतीस वर्षं दिवाणजी होतो. अडत, हमाली, तोलाई वजा करून शेतकऱ्याची पट्टी लिहायची, चेक फाडायचे आणि रात्री रोजमेळ जुळल्याशिवाय चपला घालायच्या नाहीत. एवढ्या सगळ्यात इंग्रजीशी माझा संबंध एका शब्दापुरता: ‘ओन्ली’. रुपये बारा हजार ओन्ली, आणि पुढे दोन रेघा, म्हणजे मागाहून कुणी काही घुसडायला नको. या एका शब्दावर माझं उभं आयुष्य निघालं होतं.

क्लासमध्ये पहिली अडचण हाक मारण्याची. ही पोरगी फ्रॉक घालून आमच्या अंगणात लगोरी खेळायची, तेव्हापासून मी तिला ‘ए चिमणे’ म्हणतो. आता ती फळ्याजवळ उभी, म्हणून मी ‘मॅडम’ म्हणायचं आणि तिनं मला ‘काका, होमवर्क?’ असं दरडावायचं. बाकीची मंडळी म्हणजे भडंगवाले एक, लग्न ठरून व्हिसाची वाट बघणारी एक मुलगी, कॉलेजची चार पोरं आणि एसटीचे एक रिटायर कंडक्टर. मी आणि कंडक्टर शेवटच्या बाकावर. वयानं नव्हे, अभ्यासानं.

पहिला धडा ‘मनी’. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, घरचं मैदान.

“मनी इज अनकाउंटेबल,” फळ्यावर लिहून ती म्हणाली.

“म्हणजे?”

“म्हणजे मनी मोजता येत नाही, काका.”

मी चष्मा काढून पुसला. शंभराची गड्डी डाव्या हाताच्या बोटांत अशी धरायची, की वरची नोट अंगठ्याखाली आपोआप सुटी व्हावी. उजवा अंगठा ओल्या स्पंजवर टेकवायचा आणि सुरू. चिकटलेली नोट अंगठ्याला कळते, टेप लावलेली कळते, हळदीच्या हातानं पिवळी झालेली तर न बघता कळते. शंभर मोजून एकदा, उलटी करून पुन्हा एकदा. असं चौतीस वर्षं केल्यावर एका पोरीनं सांगायचं, की ते मोजता येत नाही.

“मग मी मोजत काय होतो?”

“नोट्स मोजत होता. रुपीज मोजता येतात, कॉइन्स मोजता येतात. मनी नाही. म्हणून हाऊ मेनी मनी म्हणायचं नाही. हाऊ मच मनी.”

अ‍ॅडव्हाइससुद्धा अनकाउंटेबल, असं तिनं पुढे सांगितलं. ते मला लगेच पटलं. आमच्या गावभागात राहून बघा.

पुढच्या आठवड्यात लेंड आणि बॉरो. आपण उसने देतो आणि उसनेच घेतो, इंग्रजाला त्याला दोन वेगळी क्रियापदं लागतात. कंडक्टर म्हणाले, “बरोबर आहे की. देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या लक्षात राहण्यात फरक असतोच.” वाक्य बनवायला सांगितल्यावर भडंगवाल्यांनी “आय लेंड मनी टू माय मेव्हणा” असं ठणकावून सांगितलं. काळ कोणता, असं मॅडमनी विचारलं. “कंटिन्युअस,” ते म्हणाले.

मला खरा त्रास झाला तो ए, अ‍ॅन आणि द यांचा. आपल्याकडे गाय म्हणजे गाय. इथे पहिल्यांदा दिसली की ‘ए’ गाय आणि वळून पुन्हा दिसली की ‘द’ गाय. मी तीन दिवस प्रयत्न केला आणि मग यार्डातली रीत लावली. पोत्यामागे माती, कचरा, बारदान म्हणून थोडी कडती कापतात, तशी प्रत्येक वाक्यामागे ए आणि द यांची कडती कापून उरलेलं वाचायचं. वाचन एकदम हलकं झालं. अर्थ तर लागत होता. हे मी मॅडमना सांगितलं नाही.

मग ‘हॉलिडे’ आला. पैशांच्या धड्याला लागूनच सुट्टीचा धडा का, असं पोरांनी विचारलं. कंडक्टरना त्यात काहीच नवल वाटलं नाही. त्यांच्या हिशेबी सुट्टी आणि सुट्टे ही सख्खी भावंडं, दोन्ही मागितली की समोरच्याचं तोंड वाकडं होतं. त्यांनी आयुष्यभर लोकांकडे सुट्टे मागितले आणि डेपोकडे सुट्टी.

इंग्लंडमध्ये १८७१ साली कायदा करून बँक हॉलिडे नावाच्या सुट्ट्या ठरवल्या आणि त्या दिवशी लोक समुद्रावर जाऊ लागले, हे मला तिथे कळलं. आमच्याकडे बँक हॉलिडे म्हणजे रोकड भरता येत नाही, म्हणून शेठ आणि दिवाणजी दोघांचीही झोप उडण्याचा दिवस. सप्टेंबर २०१५ पासून दुसरा आणि चौथा शनिवार बँका बंद राहू लागल्या, तेव्हापासून तिजोरीच्या किल्ल्या उशाशी घेऊन झोपण्याच्या माझ्या रात्री महिन्याला दोननं वाढल्या. समुद्र कुठला!

होमवर्क मिळालं: ‘माय लास्ट हॉलिडे’, दहा ओळी. मी खूप आठवलं. कपड्यांच्या पिशव्या भरून, घराला कुलूप लावून, सलग नऊ दिवस कामावर न जाता बायकोसह दुसरीकडे राहिलो, असा प्रसंग एकच निघाला. ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलापाशी कृष्णा ४० फुटांवर आली की इशारा आणि ४५ वर धोका, हे सांगलीतलं शेंबडं पोरही सांगेल. त्या वर्षी ती ५७ च्या वर गेली आणि आम्ही विश्रामबागला साडूकडे. मी प्रामाणिकपणे लिहिलं: वुई वेंट बाय बोट. वी स्टेड नाइन डेज. फूड वॉज फ्री. देअर वॉज वॉटर एव्हरीव्हेअर. साडूला इंग्रजीत शब्दच नाही. मेव्हणा, दीर, साडू, सगळे एकाच ब्रदर-इन-लॉच्या पोत्यात.

मॅडमनी वही परत दिली. खाली लाल शाईत होतं: ‘ग्रामर छान. पण काका, हॉलिडे म्हणजे आपण आपल्या मर्जीनं जातो तो.’ कंडक्टरना माझ्यापेक्षा कमी मार्क. त्यांनी आषाढीच्या जादा गाड्यांवरची पंढरपूरची ड्युटी लिहिली होती.

आणि मग ब्राऊनसाहेब आले.

कॉम्प्रिहेन्शनसाठी मॅडमनी एका जुन्या पुस्तकाच्या पानाची झेरॉक्स वाटली. मिस्टर ब्राऊन, त्यांची बायको आणि दोन मुलं एक फोर्टनाइट ब्रायटनला समुद्रावर जातात. बरोबर ४० पौंड. बोर्डिंग हाऊसला पंचवीस पौंड दहा शिलिंग. रेल्वेला चार पौंड आठ शिलिंग सहा पेन्स. आइस्क्रीम वगैरे एक पौंड तीन शिलिंग सहा पेन्स. मिसेस ब्राऊननी एक आरामखुर्ची भाड्यानं घेतली, तिचं भाडं शिलिंग. घरी आले तेव्हा खिशात आठ पौंड चार शिलिंग. सगळे खूश. खाली दहा प्रश्न.

“आकडे जुने आहेत,” मॅडम म्हणाल्या. “आकड्यांकडे बघू नका, अर्थाकडे बघा.”

आता हे कुणाला सांगायचं? इंग्रजांनी शिलिंग बंद केले १५ फेब्रुवारी १९७१ ला. त्याआधी बारा पेन्सांचा शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पौंड. कॉलेजच्या पोरांना फेफरं आलं. मला नाही. आमचे वडील आण्या-पैंचे. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले तरी ते मरेपर्यंत बारा पैंचा आणा आणि सोळा आण्यांचा रुपया मनातल्या मनात करत, आणि मलाही बसवून करायला लावत. मी झेरॉक्सच्या मागे तीन खाने आखले. सहा आणि सहा बारा पेन्स, हातचा एक शिलिंग. खर्च एकतीस पौंड तीन शिलिंग. शिल्लक हवी आठ पौंड सतरा. पानावर आठ पौंड चार.

तेरा शिलिंगांची तूट.

“मॅडम, ब्राऊनसाहेबांच्या हिशेबात घोळ आहे.”

“काका, प्रश्न पहिला वाचा. व्हेअर डिड द ब्राऊन्स गो?”

“ते गेले कुठे ते कळलं. तेरा शिलिंग कुठे गेले?”

“हे कॉम्प्रिहेन्शन आहे काका, ऑडिट नाही!”

भडंगवाल्यांना संशय मुलांवर होता. व्हिसावाली मुलगी म्हणाली, साहेबानंच बायकोपासून लपवले असतील. (लग्नाआधीच ही तयारी.) कंडक्टर शांतपणे म्हणाले, “रेल्वेवाल्यानं सुट्टे परत दिले नसतील.” दहाही प्रश्न तसेच राहिले. मॅडमनी कपाळाला हात लावला आणि पॅसेज होमवर्कला दिला.

रात्री जेवण गेलं नाही. रोजमेळ न जुळता घरी आल्यासारखं वाटत होतं. दहा वाजता दिवा लावून पुन्हा बसलो. हरिपूरचं पेव, म्हणजे हळद साठवायचा जमिनीतला खोल खड्डा, उघडलं की लगेच कुणी आत उडी मारत नसे, आधी आतली वाफ जाऊ देत. तसं मी पान जरा लांब धरून, कडती न कापता, एकेक अक्षर घेत वाचलं. मिसेस ब्राऊन हायर्ड ए डेक चेअर फॉर द होल हॉलिडे, अ‍ॅट ए शिलिंग ए डे.

ए शिलिंग ए डे.

पहिला ए एक असेल. पण हा दुसरा ए कशाला? मुलीच्या जुन्या डिक्शनरीत मिळाला, बारीक अक्षरात, शेवटून दुसरा अर्थ: दर. दर दिवसाला एक शिलिंग! ज्याला मी कचरा म्हणून झाडून टाकत होतो, त्या ए नं मला तेरा शिलिंगांना बुडवलं होतं.

घाईनं मांडलं. फोर्टनाइट म्हणजे पंधरवडा. पंधरा दिवसांचे पंधरा शिलिंग. खर्च एकतीस पौंड सतरा, शिल्लक आठ पौंड तीन. पानावर आठ पौंड चार. आता एक शिलिंग जास्त. तुटीपेक्षा वाढावा वाईट, हे पेढीवरचा पोऱ्याही सांगेल. तुटीत आपल्या खिशातून भरता येतं. वाढाव्यात कुणाचे तरी पैसे आपल्याकडे असतात आणि तो कधी येऊन दारात उभा राहील त्याचा नेम नाही.

साडेअकराला पुन्हा डिक्शनरी. फोर्टनाइट: फोर्टीन नाइट्स. चौदा रात्री! साहेबाचा पंधरवडा चौदाचाच. एकतीस पौंड सोळा खर्च, आठ पौंड चार शिलिंग शिल्लक. मेळ बसला. मी खाली दोन रेघा ओढल्या आणि सवयीनं पुढे लिहून टाकलं, ‘ओन्ली’.

“जुळला!” मी बायकोला हलवून उठवलं. तिला वाटलं चोर आले. मग मी तिला ए चा दुसरा अर्थ, चौदा रात्री, खुर्चीचं भाडं, सगळं सांगितलं. ती अंथरुणात उठून बसली.

“चौदा दिवस ती बाई खुर्चीत बसून होती?”

“होल हॉलिडे.”

“आणि स्वयंपाक?”

“बोर्डिंग हाऊसचा. पंचवीस पौंड दहा शिलिंगांत धरलाय.”

ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. गणपतीपुळ्याला जायचं आमचं १९९४ सालापासून ठरतंय. दर वर्षी हळदीचा सीझन आडवा आला आणि सीझन संपला की पाऊस.

“आणि ती समुद्रावर असताना,” तिनं विचारलं, “तिच्या घरचे डबे कोण मोजत होतं?”

पॅसेजमध्ये दिलेलं नाही, असं सांगून मी दिवा मालवला.