खड्डे भरू नका, उंचवटे कापा
घरातल्या स्पीकरचा आवाज खोलीनुसार जुळवण्याबद्दलच्या एका लेखात ‘जिथे बेस कमी, तिथे ईक्यूने वाढवा’ असं म्हटलंय (ईक्यू म्हणजे इक्वलायझर, वेगवेगळ्या सुरांची पातळी कमी-जास्त करायची सोय), ते टाळा. भिंतीवरून परतलेली लाट मूळ आवाज खोडत असेल, तर पातळी ६ डीबी (डेसिबल) वाढवायला अ‍ॅम्प्लिफायरची चौपट पॉवर जाते आणि खड्डा, म्हणजे तो दबलेला सूर, तसाच राहतो. तिथे सोफा नाहीतर स्पीकर फूटभर सरकवा. उंचवटे, म्हणजे खोलीत घुमून फुगलेले सूर, मात्र ईक्यूने कापता येतात. पुण्यातल्या फ्लॅटची १०×१२ फुटी खोली धरा: लांबीत साधारण ४७ हर्ट्झला (सेकंदाला ४७ कंपनं, म्हणजे खोल बेस) घुमणार, रुंदीत ५६ ला. बसायच्या जागी कानाच्या उंचीवर माइक ठेवून ‘रूम ईक्यू विझार्ड’ या सॉफ्टवेअरमध्ये (फुकट आहे) मोजा, ईक्यूमध्ये उंचवट्याइतकाच अरुंद कट (फक्त तेवढ्याच सुरांना घट) द्या, परत मोजा. ३०० हर्ट्झच्या वर शक्यतो हात लावू नका. टाइल्सचा खणखणाट ईक्यूने जात नाही. त्याला जाड सतरंजी आणि पडदेच हवेत.