त्या पुतळ्याशेजारचा फोटो

सकाळी भाच्याने फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला. गोव्यात पर्वरीच्या त्या हॉटेलात, अनेक खून केलेल्या चार्ल्स शोभराजच्या पुतळ्याच्या खांद्यावर हात टाकून हसतोय. खाली सगळ्यांचे अंगठे. तेव्हापासून डोकं फिरलंय माझं.

१६ मार्च १९८६ ला वाढदिवसाची मिठाई म्हणून पहारेकऱ्यांना गुंगीचं औषध चारून हा माणूस तिहारमधून पळाला. ६ एप्रिलला मुंबई पोलिसांच्या मधुकर झेंडे यांनी त्याला पर्वरीत पकडलं. कौतुक करायचंच तर झेंड्यांचं करा ना! आणि ज्यांनी विश्वासाने ती मिठाई तोंडात टाकली, त्यांची आठवण कोण काढतं?

मी काढते. ती मिठाई मीही खाल्लीय.

तुरुंगात मी दर बुधवारी लिहायला-वाचायला शिकवायला जायचे. बारा जण होते. त्यातला एक पहिल्याच दिवशी म्हणाला, "बाई, तुमचं अक्षर बघत राहावंसं वाटतं." पुढच्या बुधवारी, "इथं तुम्हीच आमकां माणूस समजता." मग पेनाची रिफील मागितली. मग आईला लिहिलेलं पत्र. "बाहेरच्या पेटीत टाका, हांगा साहेब उघडून वाचतात." टाकलं मी. नंतर सिमकार्ड. नाही म्हटलं, तर आवाज न चढवता म्हणाला, "पत्राचं साहेबांना कळलं तर बाईंनाच त्रास होईल."

रिफीलची त्याला गरजच नव्हती. माझा हात नियमाबाहेर जातो का, तेवढं बघायचं होतं. माझ्याकडे आठवड्याचा एक तास. त्याच्याकडे माझा चेहरा आठवायला अख्खा आठवडा. यात कसली आली हुशारी? विश्वास ठेवणाऱ्याला हेरायचं, बस्स!

हो, आत साबणापासून फोनपर्यंत सगळं मागूनच मिळतं, सरळ मागून मिळत नाही तेव्हा माणूस गोड बोलायला शिकतो. मान्य. शोभराजला हे लागू करू नका.

मी स्वतःच साहेबांना सांगितलं. वर्ग बंद झाला. उरलेल्या अकरा जणांनी काय केलं होतं? एक म्हातारा जोडाक्षरांपर्यंत आला होता. त्याची आठवण आली की अजून घशाशी येतं.

बाळा, तू हे वाचशीलच. तो फोटो काढून टाक. रागावले नाही रे, संध्याकाळी फोन कर.

त्या पाकिटावरचा पत्ता त्याने स्वतः लिहिला होता, मीच गिरवून घेतलेल्या अक्षरांत. पत्र खरंच आईला होतं का, मला आजही माहीत नाही.