साउंडबॉक्सचं रबर बदलल्यानंतर येणारी चरचर: तुमच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार. तुम्ही लिहिलं आहे की रबर बदलल्यापासून चढ्या सुरांवर तुमच्या ग्रामोफोनचा साउंडबॉक्स, म्हणजे सुई आणि पडदा बसवलेली गोल डबी, चरचरतो, आवाज पूर्वीपेक्षा कमी झाला आहे आणि साउंडबॉक्सच्या मागच्या बाजूचं रबर आम्ही तुम्हाला न विचारता बदललं. पडद्याभोवती बाजारातली ओ-रिंग, म्हणजे तयार गोल रबरी कडी, घालून हे काम घरीच झालं असतं, असंही तुमचं म्हणणं आहे.

न विचारता बदललं ही आमची चूक आहे. आधी फोन करायला हवा होता. ते रबर जपून ठेवलं आहे, तुम्हाला परत पाठवू. बदलण्याचं कारण मात्र खरं होतं. साउंडबॉक्स टोनआर्मवर, म्हणजे त्याला धरणाऱ्या पोकळ नळीच्या हातावर, ज्या रबरी कड्यावर बसतो, ते कडं दगडासारखं कडक होऊन त्याला भेगा पडल्या होत्या. भेगांतून हवा निसटली की खालचे सूर आधी जातात. कडक रबरातून मोटरची थरथर थेट सुईपर्यंत पोहोचते. शिवाय साउंडबॉक्स खाली झुकतो, सुईचा कोन बिघडतो आणि रेकॉर्डच्या चरी झिजतात. असं रबर तेल लावून मऊ करू नये. चार दिवस ते मऊ वाटतं, मग फुगून चिकट होतं.

आता चरचर. तुमचा साउंडबॉक्स एक्झिबिशन प्रकारचा, म्हणजे अभ्रकाच्या पडद्याचा. पडदा पुढून आणि मागून दोन पोकळ रबरी नळ्यांच्या मध्ये धरलेला असतो. सुईची थरथर पडद्यापर्यंत नेणाऱ्या सुईदांडीचा पाय पडद्याच्या मध्यावर बारीक स्क्रूने जोडलेला असतो. मध्यावरचा स्क्रू काढला की पाय अभ्रकाला नुसता टेकलेला राहिला पाहिजे. तो कागदाच्या जाडीइतका जरी दूर असेल, तरी स्क्रू आवळताच पडदा एका बाजूला ओढला जातो. मग मोठ्या सुरांना त्याला एकाच दिशेने जागा उरते आणि चरचर होते. नव्या नळ्या पहिल्या काही दिवसांत दाबल्या जाऊन बसतात, त्यात पडदा जरासा सरकतो आणि आधी बरोबर असलेली बसवणी बिघडते. तुमच्याकडे हेच झालं असण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे. म्हणूनच पंधरा-वीस रेकॉर्डी वाजवून झाल्या की सुईदांडी पुन्हा तपासावी लागते. ही सूचना आम्ही पावतीवर लिहिली नव्हती, आता लिहितो.

साउंडबॉक्स पाठवण्याआधी घरी एवढं पाहा. नवी पोलादी सुई लावा, तिचा स्क्रू घट्ट आवळा आणि कमी झिजलेली दुसरी रेकॉर्ड लावा. ठरावीक रेकॉर्डच्या ठरावीक जागीच चरचर होत असेल तर चरी झिजलेल्या आहेत, तिथे रबराचा दोष नाही. नंतर सुई उचलून नुसती मोटर चालवा. घरघर तेव्हाही ऐकू आली तर ती मोटरची आहे. अभ्रकाच्या कडेला पांढुरके डाग दिसत असतील तर त्याचे पापुद्रे सुटू लागले आहेत. तसं असेल तर पडदाच बदलावा लागेल. मधल्या स्क्रूवरचं मधमाशीचं मेण तडकलं असेल तरी असाच आवाज येतो, पण मेणाचा छोटा थेंब पुन्हा वितळवून दिला की काम होतं.

आवाज कमी वाटतो त्याबद्दल. कडक झालेल्या नळ्यांत पडद्याची कड जखडली जाते आणि आवाज तीक्ष्ण होतो. ही तीक्ष्णता कानाला 'मोठा आवाज' वाटते. मऊ नळ्या घातल्यावर ती जाते आणि खालचे सूर परत येतात. पण आवाज सगळ्याच सुरांत मंद झाला असेल, तर हवा कुठेतरी निसटते आहे. त्याची परीक्षा सोपी आहे: पडदा बोटाने अगदी हलका आत दाबा, मागचं भोक अंगठ्याने बंद करा आणि पडदा सोडा. तो सावकाश परत आला तर सांधे हवाबंद आहेत. झटकन परत आला तर गळती आहे.

ओ-रिंगबद्दल मात्र आमचं मत ठाम आहे, ती घालू नका. ओ-रिंग भरीव असते. तेवढ्याच जाडीच्या पोकळ नळीपेक्षा ती कितीतरी कडक, म्हणजे जुन्या कडक रबराचा दोष नव्या रूपात परत येतो. नळी बोटांत दाबली की सहज चपटी व्हावी आणि सोडताच गोल व्हावी. तिची लांबी अंदाजाने कापू नये. खाचेच्या आतल्या व्यासातून नळीची जाडी वजा करून 3.14 ने गुणावं. खाच 46 मिलिमीटर आणि नळी 3 मिलिमीटर असेल तर 43 गुणिले 3.14, म्हणजे 135 मिलिमीटर. त्यावर अर्धा मिलिमीटर जास्त ठेवला की टोकं एकमेकांना नीट भिडतात. टोकं एकावर एक चढली तर पडदा तिरपा बसतो, मध्ये फट राहिली तर हवा जाते. टोकांना डिंक लावू नये, आणि पुढच्या-मागच्या नळ्यांचे सांधे समोरासमोर येऊ देऊ नयेत. मागचे स्क्रू आळीपाळीने पाव-पाव फेराच फिरवावेत. नळी चेपून सपाट झाली, तर नवं रबरही जुन्याइतकंच कडक वागतं.

सुईदांडीच्या बाजूच्या स्प्रिंगचे स्क्रू मात्र घरी फिरवू नका. दोन्हींचा ताण सारखा राहिला नाही तर पाय मध्यावरून सरकतो आणि अभ्रकाला तडा जाऊ शकतो. साउंडबॉक्स सुई काढून, पडद्यावर काहीही टेकणार नाही अशा कडक डब्यात पाठवा. सोबत चरचर होणारी एखादी रेकॉर्ड कोणती आणि कुठल्या भागात होते, तेवढं लिहा. बसवणी आणि गळती आम्ही विनामूल्य पुन्हा तपासू. जुनं कडं त्याच डब्यातून तुमच्याकडे येईल.