सिगेटीवरच्या लेखाखालील एका प्रतिक्रियेला उत्तर

हंगेरियन व्हायोलिनवादक योझेफ सिगेटीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया तीनदा वाचली. रशियन संगीतकार प्रोकोफिएव्हबद्दल माझी चूक झाली, व्हायोलिनवादक हायफेट्झशी तुलना मी टाळली, सर्कशीचा किस्सा भरताड आहे, सिगेटीने उतारवयात केलेल्या बाखच्या ध्वनिमुद्रणातली खरखर मी झाकली, असे तुमचे आक्षेप. आणि शेवटी हे वाक्य: "व्हायोलिन कधी हातात धरलंस का? नुसती पुस्तकं वाचून सुराबद्दल बोलू नये."

चूक मान्य. प्रोकोफिएव्हचा पहिला कॉन्चेर्तो, म्हणजे व्हायोलिन आणि वाद्यवृंदासाठीची रचना, प्रथम वाजवला तो मार्सेल दारिएने, १९२३ साली पॅरिसमध्ये. सिगेटीने तो पुढच्या वर्षी हाती घेतला, गावोगावी नेला आणि १९३५ मध्ये वाद्यवृंद-संचालक बीचमसोबत त्याचं पहिलं ध्वनिमुद्रण केलं. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता ते वाक्य. आपली ओळख नाही. मी तुमच्याहून लहान आहे की मोठा, हे तुम्हाला ठाऊक नाही. तरी थेट 'धरलंस का'? चारचौघांत असं कुणी बोललं तर आपल्याकडे त्याला काय म्हणतात ते तुम्हीच आठवा.

हो, धरलं आहे. सातवीत असताना वडिलांनी पगारातून हप्ते भरून जुनं व्हायोलिन घेऊन दिलं. अकरा वर्षं शिकलो. शेजाऱ्यांची झोप मोडू नये म्हणून स्वयंपाकघराचं दार लावून रात्री गज ओढत बसायचो. तेविसाव्या वर्षी डावं मनगट मोडलं, एका दवाखान्यात ते वाकडं बसवलं गेलं आणि करंगळी कायमची आखडली. हे मी आजवर कुठे लिहिलं नव्हतं. तुमच्यामुळे लिहावं लागतंय, याचा मला राग आहे. हात ऐकेनासा झाला की माणसाचं काय होतं, ते मी पुस्तकात वाचलेलं नाही.

आणि समजा, नसतं धरलं, तर? माझ्या आईने आयुष्यात तानपुरा हातात घेतला नाही, पण रेडिओवर किशोरीताईंचा भूप लागला की ती पोळी तव्यावर तशीच सोडून उभी राहायची. तिला सूर कळत नव्हता म्हणता? संगीतकार बार्टोक पियानोवाला होता. स्वित्झर्लंडमधल्या दावोसला क्षयावर उपचार घेत असताना सिगेटीची त्याच्याशी मैत्री जडली. पुढे १९२८ मध्ये बार्टोकने आपली पहिली रॅप्सडी ही व्हायोलिनची रचना त्याला अर्पण केली आणि १९४० मध्ये वॉशिंग्टनला दोघे एकत्र वाजवायला बसले. बार्टोकलाही तुम्ही हेच विचारणार का?

वाजवणाराच साक्षीदार हवा असेल, तर व्हायोलिनवादक इझाई घ्या. सिगेटीने वाजवलेला बाख ऐकून त्या थोर वादकाला एकट्या व्हायोलिनसाठी सहा सोनाटा लिहाव्याशा वाटल्या. त्यांतला पहिला त्याने सिगेटीलाच अर्पण केला. सिगेटी कोपर अंगाशी धरून, जुन्या वळणाने गज ओढायचा. हुबाई या गुरूच्या तालमीत तयार झालेला तो मुलगा गुळगुळीत आवाजाच्या मागे कधी लागलाच नाही. त्याला वाक्य बोलायचं असायचं. बाखच्या शाकोन या एकट्या व्हायोलिनच्या रचनेत चारही तारांवरचे स्वर एकदम उठतात, तिथे गज तारेला घासलेला ऐकू येतो, आणि मला तो ऐकायला हवाच असतो. १९५० च्या दशकात संधिवाताने धरलेल्या बोटांनी सिगेटीने बाखचे एकट्या व्हायोलिनचे सगळे सोनाटा आणि पार्तिता ध्वनिमुद्रित केले. "हात थकलेला आहे" असं मी लेखात स्पष्ट लिहिलं आहे. याला झाकणं म्हणत असाल, तर तुम्ही लेख शेवटपर्यंत वाचलेलाच नाही.

सर्कशीबद्दल एवढंच सांगतो. मिसरूडही न फुटलेल्या पोराला फ्रँकफुर्टच्या सर्कशीत खोट्या नावाने वाजवावं लागलं, हे मला भरताड वाटत नाही आणि ते मी काढणार नाही.

हायफेट्झवर मला लिहायचं नव्हतं, म्हणून लिहिलं नाही. तुम्हाला लिहायचं असेल तर जरूर लिहा, मी वाचेन. खाली प्रतिक्रिया द्यावीशी वाटली, तर 'तुम्ही' म्हणूनच देईन.