रक्तवाढीच्या गोळ्या बंद करायला सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

‘नर्सबाईंच्या नादी लागू नका’ अशा सुरुवातीचा एक लांबलचक मेसेज सध्या गरोदर बायकांच्या आणि त्यांच्या सासवांच्या फोनवर फिरतोय. म्हणे, रक्तवाढीच्या (लोहाच्या) गोळ्यांनी बाळ काळं आणि मोठं होतं, मग सिझर करावं लागतं. बाळंतपणानंतर भरपूर रक्त गेलेलं चांगलं, अंगातली घाण जाते. आशाताईला काही कळत नाही, ती पैशासाठी येते. धनुर्वाताचं इंजेक्शन नको, नाळेला हळद-तेल लावा, आजीची बाळंतपणं घरीच झाली. आमच्या नात्यातल्या सातव्या महिन्यातल्या एका मुलीनं हे वाचून पंधरा दिवस गोळ्या घेतल्या नाहीत, म्हणून हे लिहावं लागतंय.

बाळाचा रंग आईबापाकडून येतो, गोळीतून येत नाही. काळी होते ती आईची शौच, कारण अंगात न मुरलेलं लोह तसंच बाहेर पडतं. त्यानं काही बिघडत नाही. बाळ वाजवीपेक्षा मोठं होण्यामागे बऱ्याचदा आईची वाढलेली साखर असते, आणि ती तपासायला सिस्टर बोलावते तेव्हा हेच लोक जाऊ नका म्हणतात. उलट रक्त फार कमी असेल तर बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा अडीच किलोच्या आतलं जन्मण्याची भीती वाढते.

उपकेंद्रात मिळणाऱ्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. चौथ्या महिन्यापासून रोज एक, १८० दिवस. बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. ‘गोळ्या घेऊनही रक्त वाढत नाही’ ही तक्रार मात्र खोटी नाही. अशा वेळी आधी गोळी कशाबरोबर घेतली जाते ते बघा. चहाबरोबर, दुधाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतली तर लोह अंगी लागत नाही. लोह आणि कॅल्शियममध्ये किमान दोन तासांचं अंतर हवं. लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घेतली तर उत्तम. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर तासाभरानं घ्या, बंद करू नका. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर सिस्टर रोज दोन गोळ्या देते आणि महिन्यानं पुन्हा तपासते. तेवढ्यात १ नंसुद्धा वाढलं नाही तर पुढच्या दवाखान्यात पाठवते. ७ च्या खाली असेल तर गोळ्यांवर भागवायचं नाही, थेट रुग्णालय गाठायचं.

आता तो रक्ताचा मुद्दा. यानं बाई जीवानिशी जाते, म्हणून तो नीट वाचा.

दिवस भरताना गर्भाशयाकडे मिनिटाला अर्ध्या लिटरहून जास्त रक्त वाहत असतं. वार (बाळाला पोसणारी प्लॅसेंटा) सुटली की तिथल्या रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी पडतात. ती बंद होण्याचा मुख्य मार्ग म्हणजे पिशवी (गर्भाशय) करकचून आवळली जाणं. पिशवी सैल राहिली तर रक्त थांबत नाही. त्यात ‘घाण’ काही नसतं, ते आईचं चांगलं रक्त असतं. अर्धा लिटर गेलं की धोक्याची रेषा ओलांडली.

म्हणून बाळ बाहेर आल्यावर, पोटात दुसरं बाळ नाही याची खात्री करून, मिनिटाच्या आत सिस्टर मांडीत १० युनिट ऑक्सिटोसिन टोचते. मग वार काढते आणि ती उलटसुलट करून बघते, कारण एक तुकडा जरी आत राहिला तरी पिशवी आवळत नाही. पुढचे दोन तास ती दर पंधरा मिनिटांनी बेंबीपाशी हात ठेवते. तिथे नारळासारखा टणक गोळा लागायला हवा. मऊ लागला तर पिशवी चोळते, लघवी करायला लावते (भरलेली लघवीची पिशवी गर्भाशयाला आवळू देत नाही) आणि बाळाला छातीशी लावते, कारण दूध ओढलं जातं तेव्हा पिशवी आवळते. बाळंतपणानंतर वीस ते तीस मिनिटांत दोन-तीन पॅड भिजले तर १०८ ला फोन करा, वाट बघू नका. आणि हेच ऑक्सिटोसिन बाळ बाहेर येण्याआधी ‘कळा वाढवायला’ म्हणून कुणी घरी टोचायला निघालं तर त्याचा हात धरा. पिशवी फाटू शकते.

रक्ताबद्दल मेसेजमध्ये खरं एवढंच की थोडं अंगावर जाणं नेहमीचं असतं: पहिले काही दिवस लाल, मग फिकट, मग पांढुरकं. पण १२ हिमोग्लोबिनवाली बाई जेवढं रक्त गमावून सावरते, तेवढंच गेल्यावर ७ वाली दगावू शकते. एकीकडे गोळ्या बंद करा म्हणायचं आणि दुसरीकडे रक्त जाऊ द्या म्हणायचं, हे एकाच बाईवर दोनदा वार करणं आहे.

आशाताईला पैसे मिळतात, हे खरं. बाळंतपणानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी अशा सहा भेटी द्यायच्या आणि त्याचे मिळून केंद्र सरकारच्या मूळ दरानं २५० रुपये. यावर तिचा हेतू ठरवणाऱ्यांनी जरा हिशेब करावा. आणि तिला काय कळतं याचं उत्तर गडचिरोलीनं केव्हाच दिलंय. डॉक्टर अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं ३९ गावांत गावातल्याच बायकांना बाळाचं वजन घ्यायला, श्वास मोजायला आणि जंतुसंसर्ग ओळखून उपचार करायला शिकवलं. तुलनेसाठी ४७ गावं होती. तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू त्यांच्या तुलनेत ६२ टक्क्यांनी घटले. हे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि देशभरच्या आशाताईंच्या घरभेटी याच कामावर उभ्या आहेत. शांत बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त भरला, अंग गार लागलं किंवा त्यानं ओढणं सोडलं, तर दवाखाना: हे ती घड्याळ धरून तपासते.

धनुर्वाताचं इंजेक्शन: दोन डोस, चार आठवड्यांच्या अंतरानं. आधीच्या गरोदरपणात दोन्ही घेऊन तीन वर्षं झाली नसतील तर एकच. नवजात बाळांचा धनुर्वात भारतातून जवळजवळ गेल्याचं २०१५ मध्ये मान्य झालं, ते या इंजेक्शनामुळे आणि स्वच्छ बाळंतपणांमुळे. नाळेला काही लावायचं नाही. कोरडी ठेवायची, बस्स.

आजीच्या बाळंतपणाबद्दल एक मान्य करायला हवं. सुईण बाईला एकटं सोडत नसे, चालू-फिरू देई, धीर देई. ते बरोबरच होतं. सरकारी प्रसूतिगृहातही सोबतीला एक बाई ठेवता येते, ती मागून घ्या. पण वाढलेला रक्तदाब सुईणीच्या हाताला कळत नाही. १४०/९० झाला तरी बाईला बरंच वाटत असतं, आणि झटके आले की वेळ उरत नाही. काही उपकेंद्रांना कुलूप असतं, सिस्टरची जागा रिकामी असते, हेही खरं. मग दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टर मोफत तपासतात, तिथे जा. नेण्या-आणण्याला १०२ ची गाडी फुकट आहे.

ज्यांनी गोळ्या थांबवल्या असतील त्यांनी राहिलेल्या गोळ्या एकदम घेऊ नयेत. आज रात्रीपासून पूर्वीसारख्याच सुरू करा आणि या आठवड्यात हिमोग्लोबिन तपासून घ्या.