काकू, कानातलं मशीन काढू नका

नाशिकला इंदिरानगरमधल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: "ब्लूटूथ दोन वर्षांत बंद होणार. ५जी आणि वायफाय असताना दहा मीटरच्या तंत्रज्ञानाची गरजच काय? आत्ता घेतलेले हेडफोन भंगारात जातील. ब्लूटूथच्या लहरी मायक्रोवेव्हच्याच असतात, कानात घातल्या की मेंदू भाजतो. कुंभमेळ्याच्या गर्दीत तर खिशातल्या कार्डातून पैसे जातील." हे वाचून शेजारच्या काकूंनी कानातलं ऐकण्याचं मशीन डबीत ठेवून दिलं. चार दिवस घरात त्यांना कुणाचं धड ऐकू येत नव्हतं. म्हणून हे उत्तर.

सुरुवात मेंदू भाजण्यापासून करतो, कारण खरं नुकसान तिथे झालंय. ब्लूटूथ, वायफाय आणि स्वयंपाकघरातली मायक्रोवेव्ह भट्टी २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात, एवढं खरं. पण प्रश्न ताकदीचा आहे. भट्टी बंद पेटीत आठशे वॅटच्या आसपास ओतते. हेडफोन आणि कानातल्या मशीनचा रेडिओ काही मिलीवॅटचा, म्हणजे वॅटच्या काही हजाराव्या भागांचा असतो. अडीच मिलीवॅट धरले तर फरक तीन लाख पटींहून जास्त होतो. निरांजनाची ज्योत आणि होळी दोन्ही आगच, पण निरांजनावर हात धरून आपण आरती घेतो. आणि उलट बाजूही पाहा: ४जीवर बोलताना फोन गरजेप्रमाणे दोनशे मिलीवॅटपर्यंत जातो, रेंज कमी असेल तेव्हा जास्त जोर लावतो. ब्लूटूथवर बोललं की तो फोन डोक्यापासून दूर, टेबलावर राहतो.

आता दहा मीटर. पल्ला कमी आहे ही ब्लूटूथची खोट आहे, असं मेसेज लिहिणाऱ्याने गृहीत धरलंय. रामकुंडावर सकाळी उभे राहून पाहा. एकाच पायरीवर चार-पाच कुटुंबं बसलेली असतात, प्रत्येकाचे गुरुजी आपापल्या यजमानाला संकल्प सांगतात आणि ज्याला त्याला आपलं नीट ऐकू येतं. प्रत्येक गुरुजींच्या हातात लाऊडस्पीकर दिला तर कुणालाच काही कळणार नाही. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जेमतेम ८३.५ मेगाहर्ट्झ रुंद आहे आणि त्यात अख्खी सोसायटी बसवायची आहे. आवाज खोलीपुरता ठेवला म्हणूनच खालच्या मजल्यावरच्यालाही तोच पट्टा वापरता येतो. त्यातही नेहमीच्या हेडफोनची जोडणी सेकंदाला १६०० वेळा वाहिनी, म्हणजे पट्ट्यातली आपली जागा, बदलते. जिथे वायफायची गर्दी दिसते त्या वाहिन्या टाळते. शिवाय दहा मीटर ही काही लक्ष्मणरेषा नाही. २०१६ साली आलेल्या ब्लूटूथ ५ मध्ये लांब पल्ल्याचा पर्याय आहे, मोकळ्या मैदानात तो शेकडो मीटर जातो. हेडफोनला त्याची गरज नाही, एवढंच.

वायफाय आणि ५जी ब्लूटूथची जागा घेतील, हे ऐकायला पटतं. अडतं बॅटरीपाशी. कानातल्या मशीनचा सेल वाटाण्याएवढा. त्यावर वायफायचा रेडिओ चालवला तर दिवसही निघणार नाही. आणि या तंत्रांचं आपसात भांडण नाहीच. फोनवरून फोनवर मोठी फाइल पाठवताना समोरचा फोन ब्लूटूथ शोधतं, फाइल वायफायवरून जाते. स्मार्ट घरातल्या उपकरणांसाठी २०२२ साली आलेल्या मॅटर या मानकानुसार घरातला नवा दिवा वायफायला जोडायचा, तर पहिली ओळख बहुतेक वेळा ब्लूटूथवरच होते. अंतर अगदी नेमकं मोजणारं अल्ट्रावाइडबँड गाडीच्या डिजिटल किल्लीत वापरतात, तिथेही आधी गाडीला जागं करायला ब्लूटूथच असतं. १९९८ साली पाच कंपन्यांनी मिळून सुरू केलेल्या संघटनेने सप्टेंबर २०२४ मध्ये ब्लूटूथ ६ जाहीर केलं, त्यात अंतर मोजण्याची नवी सोय आहे. पाडायच्या वाड्याला कुणी नवा मजला चढवत नाही.

भंगाराच्या दाव्यात मात्र थोडं तथ्य आहे. आवाजासाठी आता एलई ऑडिओ ही नवी पद्धत आली आहे, ती कमी विजेत चांगला आवाज देते आणि जुन्या हेडफोनमध्ये बहुधा नंतर टाकता येत नाही. पण नवे फोन जुनी पद्धतही बोलतात, त्यामुळे तुमचे हेडफोन वाजत राहतील. ज्या मेसेजने काकूंना घाबरवलं, त्याने नेमकी त्यांच्या फायद्याची गोष्ट सांगितली नाही, याचा मला राग आहे. एलई ऑडिओमध्ये ऑराकास्ट नावाचा प्रकार आहे: एक प्रक्षेपक आणि ऐकणारे हवे तितके, एकेकाला जोडत बसायचं नाही. नाट्यगृहात तो बसवला की रंगमंचावरच्या माइकचा आवाज थेट कानातल्या मशीनमध्ये येतो. मध्ये पंख्याची घरघर नाही, मागच्या रांगेतली कुजबूज नाही. काकूंनी कालिदास कलामंदिरात नाटक बघणं सोडून दिलं, ते संवाद कळेनासे झाले म्हणून. आठव्या रांगेत बसून शेजाऱ्यांच्या हसण्यावरून विनोद झाल्याचं समजायचं, हे त्यांनी मला स्वतः सांगितलंय.

कार्डाचं लवकर आटपतो, कारण तो ब्लूटूथचा विषयच नाही. टॅप करायच्या कार्डात एनएफसी हे वेगळं रेडिओ तंत्र असतं, पल्ला काही सेंटीमीटर. पिनशिवाय एका वेळी जास्तीत जास्त पाच हजार रुपये जातात आणि ते बँकेने नोंदलेल्या दुकानदाराच्याच खात्यात जमा होतात. तरी धाकधूक असेल तर बँकेच्या अ‍ॅपमधून टॅपची सोय बंद करा आणि खुशाल पर्वणीला जा. ब्लूटूथमध्येही सुरक्षेच्या त्रुटी निघतात, २०१७ मध्ये ब्लूबोर्न नावाची मोठी निघाली होती. त्यावर उपाय फोन अपडेट करणं हा आहे.

काकू, तुमच्या मशीनमध्ये एलई ऑडिओ आहे का, ते मॉडेल नंबरवरून बघू. नसेल तर पुढचं घेताना एवढं विचारून घेऊ. कलामंदिर महापालिकेचं आहे, तिथे ऑराकास्ट बसवा असा अर्ज मी लिहिलाय. पहिली सही तुमची हवी. उद्या संध्याकाळी कागद घेऊन येतो, बेल वाजवीन, तेव्हा मशीन कानात असू द्या.