हलणारे पूल

लेकीकडे लंडनला गेलो होतो तेव्हा आमची बस टॉवर ब्रिजच्या तोंडाशी अडकली. लाल दिवा, फाटक बंद, आणि समोरचा रस्ता चक्क उभा राहिला. खालून एक शिडाची बोट निवांत निघून गेली. मी घड्याळ बघत चुळबुळतोय, तर लेक म्हणते, "बाबा, इथे आधी नदी, मग आपण."

१८९४ साली हा पूल खुला झाला तेव्हा नदीच्या वरच्या अंगाला धक्क्यांवर जहाजांची रीघ असायची. साधा आडवा पूल घातला असता तर तो सगळा धंदाच बसला असता. म्हणून मधला रस्ता दोन फळ्यांचा केला. एकेक फळी हजार टनांच्या वर, पण मागच्या टोकाला वजन देऊन तोललेली. पूर्वी वाफेच्या इंजिनांनी पाण्याचा दाब साठवून उचलत, १९७० च्या दशकापासून तेल आणि वीज. आजही वर्षाला साधारण ८०० वेळा उघडतो. बोटवाल्यानं २४ तास आधी कळवायचं, पैसे एक पै नाही.

चुका तिथेही झाल्यात. १९५२ मध्ये डबलडेकर वर असतानाच फळी उचलायला लागली. ड्रायव्हरनं ब्रेक न मारता गाडी दामटली आणि पलीकडच्या फळीवर उडी घेतली! (बक्षीस दहा पौंड. कंजूष लेकाचे.)

पण रोज हलणाऱ्या पुलाकडे कुणाला तरी रोज बघावंच लागतं. जरा करकरला तरी कान टवकारतात. आपल्या पांबनचंच घ्या. रामेश्वरला जाणारा १९१४ चा रेल्वेपूल, जहाजांसाठी उघडणारा, खाऱ्या वाऱ्यात गंजत आलेला. उचलायच्या भागात बिघाड दिसला आणि डिसेंबर २०२२ मध्ये गाड्या थांबवल्या. कुणी मरायची वाट पाहिली नाही. शेजारी नवा पूल आधीच बांधायला घेतला होता, ६ एप्रिल २०२५ ला तो सुरूही झाला.

त्यानंतर तीनच महिन्यांनी, ९ जुलैला, आपल्या गुजरातेत मही नदीवरचा गंभीरा पूल कोसळला. १९८५ चा, म्हणजे पांबनहून सत्तर वर्षांनी धाकटा. सकाळच्या वेळी गाड्या सरळ नदीत. वीसहून जास्त माणसं गेली.

पादऱ्याहून बोरसदकडे जाताना मी त्यावरून कितीदा गेलोय. शेजारून ट्रक गेला की पूल थरथरायचा. गाडीत आम्ही हसून त्याला 'झोपाळा' म्हणायचो. म्हणजे हलत तोही होता. तक्रार? मी तरी कुठे केली.

काल इथे बडोद्यात, विश्वामित्री नदीवरच्या काळाघोड्याच्या पुलावर स्कूटर बाजूला घेतली आणि कठड्यावरून वाकून खांब, भेगा, सांधे बघत बसलो. पाच मिनिटांत मागे एक रिक्षा थांबली.

"काका, मगर देखाय छे?"